देवीची डावी बाजू

समितीनं नमुना एकमतानं मंजूर केला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. ज्या कामावर सगळ्यांचं पहिल्याच बैठकीत एकमत होतं, त्यात कुठेतरी खोट असते, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं.

ती शिल्पकार होती. पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत, बोलायला तुटक. शहराच्या कडेला अंत्यविधीसाठी नवं भवन उभं राहिलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'निरोपगृह', पण लोक त्याला 'शेवटचा थांबा' म्हणत. नातेवाईक जिथे बसून वाट पाहतात त्या मोठ्या दालनात एक मूर्ती बसवायची होती आणि ते काम तिच्याकडे आलं होतं.

मूर्ती कुणाची, हे आधीच ठरलेलं होतं. शहराच्या संग्रहालयात एक फार जुनी देवी होती, कधीकाळी नदीचा गाळ उपसताना सापडलेली. ती उजव्या कुशीवर रुतून पडली होती. त्यामुळे उजवी बाजू गाळात जशीच्या तशी राहिली, अगदी पापणीची रेघही शाबूत. डावी बाजू पाण्यानं खाल्ली. गाल, डोळा, ओठाचा कोपरा, सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. उजवा हात उघडा, पुढे केलेला. डाव्याची मूठ आवळलेली. ही मृत्यूची देवता, इथवर अभ्यासकांचं जमायचं. उघड्या हातानं ती देते की मागते आणि मुठीत काय धरते, इथे मात्र ते हमरीतुमरीवर येत.

"नक्कल नको," समितीवरचा आर्किटेक्ट तिला म्हणाला होता. "आजच्या माणसासाठी नव्यानं घडवा. मृत्यू ओढून नेतो आणि सोडवतोही. दोन्ही दिसलं पाहिजे. फक्त लोक घाबरायला नकोत."

म्हणून तिनं पाठीला पाठ लावलेले दोन चेहरे केले. पुढून तरुण, देखणी बाई आणि मागून कवटी. समितीचे अध्यक्ष भोवती एक चक्कर मारून आले आणि "वा! समजलं!" म्हणाले. तेच तिला खटकलं. इतक्या पटकन समजलं ते मृत्यूबद्दल कसं असेल? पण मंजुरी मिळाली होती, मुदत ठरली होती. ती नमुना कापडात गुंडाळून घरी आली.

घराच्या मागच्या अंगाला तिची कार्यशाळा होती. नवरा दातांचा डॉक्टर. दोघांच्याही हाताला कायम प्लास्टरचा वास, म्हणूनच आपला संसार टिकला, असं तो गमतीनं म्हणे. घरातली सगळ्यात उजेडाची खोली सासूबाईंची.

सासूबाई उमेदीच्या काळात विमान कंपनीच्या तिकीटखिडकीवर बसत. शेजारची खिडकी रिकामी असली तरी रांग आपल्याच खिडकीपुढे लागायची, असं त्या स्वतःच सांगत, आणि जुने फोटो पाहिले की त्यात फारशी अतिशयोक्ती वाटत नसे. रूपाचा तोरा होता आणि जिभेला धार होती. सून घरात आली ती नखांत माती आणि केसांचा कसातरी बांधलेला बुचडा घेऊन. आल्या आल्याच सासूबाईंनी तिचं नाव 'चिखलबाई' ठेवलं, ते कायमचं. दोघींचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही, पण सूतही जुळलं नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे राहिल्या, कारण म्यान ऐसपैस होतं.

मागल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात कोसळल्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, डावं अंग गेलं. गाल ओघळला, ओठाचा कोपरा खाली आला, डाव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. बोलणं जड झालं, पण बोलायचं ते तसंच राहिलं. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर खोलीतला आरसा काढायला लावला. लिपस्टिक मात्र सोडली नाही. सकाळी शुश्रूषेला बाई येई, तिला त्या बजावत, "अर्ध्याच ओठाला लाव. उरलेला अर्धा काही बोलत नाही, त्याला नटवून काय करायचं?"

ती मूठ रोज उघडावी लागे. तळव्याला घाम येई, नखं रुतत. हे काम सुनेकडे होतं, कारण माती मळून तिच्याच बोटांत तेवढी ताकद होती. एकेक बोट सोडवायचं, तळवा कोमट पाण्यानं पुसायचा, कोरडा करायचा. सोडलं की बोटं पुन्हा मिटत, गोगलगायीनं शिंगं आत घ्यावीत तशी. त्या वेळी दोघी फारसं बोलत नसत. रेडिओ चालू असे.

एका सकाळी रेडिओवर कुणी बाई नवऱ्याच्या घोरण्याचं वर्णन करत होती आणि सासूबाईंना हसू आलं. ते आवरेना. उजवा गाल हलत होता, उजव्या डोळ्याला पाणी आलं होतं. डावी बाजू जिथल्या तिथे होती. ती हसत नव्हती. रागावलेली किंवा दुःखीही नव्हती. शेजारच्या घरात लग्न चालू असताना आपण खिडकीत उभं राहावं, तशी ती होती. सुनेचा हात तळव्यावर थांबला. कवटीशिवाय दुसरं काही असू शकतं आणि ते रोज आपल्या हातभर अंतरावर होतं, हे तिला तेव्हा दिसलं.

"काय बघतेस गं? माप घेतेस का माझं?" सासूबाईंनी विचारलं. हसू संपलं होतं.

खोटं बोलणं तिला जमत नसे. "हो," ती म्हणाली. "देवीसाठी."

सासूबाईंनी रेडिओ बंद करायला सांगितला. पुढे बरेच दिवस मूठ उघडताना त्या भिंतीकडे तोंड करून पडत.

मग एका दुपारी जेवण भरवून झाल्यावर त्याच म्हणाल्या, "मिळालं का तुझ्या देवीला तोंड?"

"एक केलंय. ते चांगलं नाही."

"दाखव मला ती. मूळची."

सुनेनं संग्रहालयातल्या देवीचा फोटो आणला. सासूबाईंनी तो उजव्या हातात धरून जवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "हिला झटका आला होता," त्या म्हणाल्या. "काही म्हणू देत तुझे पंडित. आणि माझ्याहून बरी निभावली हिनं."

"आई, तुम्ही बसाल का माझ्यासमोर?"

"बसण्याशिवाय दुसरं काय करते मी?" म्हणून त्या जराशा थांबल्या. "पण ऐक. मला सुंदर करायचं नाही. ते देवानं एकदा केलं होतं, तुला जमायचं नाही. आणि केविलवाणी केलीस तर याच हातानं थोबाडीत देईन. अजून एक हात शिल्लक आहे."

"बरं."

"आणि लेकाला इतक्यात सांगू नकोस. तो रडेल."

दुसऱ्या दिवसापासून शुश्रूषेची बाई त्यांना चाकाच्या खुर्चीतून कार्यशाळेत आणून सोडू लागली. सासूबाईंनी ती जागा इतक्या वर्षांत दारातूनच पाहिली होती. आता त्यांनी प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं. मातीच्या पिंपाला वास येतो, खिडक्या पुसलेल्या नाहीत, कोपऱ्यातला अर्धवट घोडा गाढवासारखा दिसतो. "गाढवच आहे ते," सून म्हणाली. "मग जमलंय," सासूबाई म्हणाल्या.

काम सुरू झालं की मात्र त्या अगदी स्थिर बसत. तिकीटखिडकीवरची सवय असावी. सून मातीत हात घालून उजवीकडून बघे, डावीकडून बघे. उजवी बाजू भराभर आली. डावी बाजू तिला दाद देईना. गाल खाली ओढला की आजारी दिसे. जरा उचलला की झोपलेली वाटे. ती माती काढे, लावे, पुन्हा काढे.

"तू तिथे दुखणं शोधतेस," एकदा सासूबाई म्हणाल्या. "तिथे काही नाही. उजव्या गुडघ्याला कळा येतात, खांदा ठणकतो. डावीकडे सगळं शांत. कधी कधी मी तिकडेच जाऊन बसते."

"तिकडे म्हणजे?"

"डावीकडे. इकडचं घर गजबजलेलं असतं ना. हे हवं, ते नको, हिनं असं का केलं, त्यानं तसं का केलं. तिकडे कुणी नसतं. पहिल्यांदा भीती वाटली होती. आता बरं वाटतं." मग त्या वरकरणी सहज म्हणाल्या, "मी पडले तेव्हा तू दार ठोठावत होतीस. मला ऐकू येत होतं."

सुनेचे हात थांबले. "मला वाटलं तुम्ही बेशुद्ध होतात."

"नव्हते. फरशी गार होती. नळ ठिबकत होता. तू 'आई, आई' करत होतीस. हाक मारता आली असती मला, निदान काहीतरी आवाज करता आला असता. अर्धी मी म्हणत होते, अगं ओरड, मरशील. अर्धी म्हणत होते, राहू दे आता, किती छान शांत आहे. तेवढ्यात तू दार फोडलंस. असा राग आला मला तुझा! विचारलंस का मला?"

"कसं विचारणार?"

"तेही खरंच. आणि मग इस्पितळाच्या खिडकीत कबुतरं भांडताना दिसली, तेव्हा म्हटलं, फोडलं ते बरं केलं." सासूबाईंनी रुमालानं ओठाचा कोपरा टिपला. "तुझ्या मनात आलं होतं का गं, सुटेल म्हातारी एकदाची?"

"आलं होतं."

"आणि?"

"आणि दाराला खांदा लावला."

सासूबाईंनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी.  त्या दिवशी सुनेनं डाव्या बाजूवरची सगळी माती खरवडून काढली आणि नव्यानं लावली. या वेळी तिनं ओघळ दाखवायचा प्रयत्न केला नाही. नुसती शांत, रुंद जागा ठेवली, जिथे कुणी जाऊन बसू शकेल.

नवऱ्याला कळलं ते अपघातानं. दवाखान्यातलं प्लास्टर संपलं म्हणून तो भरदुपारी बायकोकडे मागायला आला, तर कार्यशाळेत आई खुर्चीत बसलेली आणि तिच्यासमोर ओल्या मातीची दुसरी आई. तो दारातच थबकला. आधी मातीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. आईकडे बघितलंच नाही.

"हे तिथे ठेवणार तू? सगळ्या गावानं बघायला?" तो म्हणाला. "माझ्या आईचं वाकडं तोंड?"

"मी विचारून केलंय," बायको म्हणाली.

"तिला काय कळतंय! ती आजारी आहे."

"आजारी बाईला ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या. "ये इकडे. तसा नको, तिकडून फिरून ये. गेलं वर्षभर खोलीत आलास की खुर्ची ओढतोस ती उजव्या बाजूला. माझ्या लक्षात आलं नाही असं वाटलं? दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसतोस आणि आईच्या तोंडाकडे बघवत नाही तुला. डावीकडे बस आज."

तो हलला नाही. मग प्लास्टरची पिशवी न घेताच निघून गेला. संध्याकाळी जेवताना तो बायकोशी मीठ मागण्यापुरतं बोलला.

असे काही दिवस गेले. एका सकाळी दवाखान्याला जायच्या आधी तो कार्यशाळेत आला, एक स्टूल उचललं आणि आईच्या डाव्या हाताला ठेवून बसला.  आईनं डोळे मिटून घेतले होते. मग, सवयीचा गुलाम, तो म्हणाला, "आई, आ कर जरा."

त्यानं मोबाइलचा दिवा लावला, बोटानं डावा गाल अलगद बाहेर ओढला आणि आत पाहून एकदम मागे सरला. डावीकडच्या एका दाढेचा टवका उडाला होता. त्या धारेनं गालाला आतून खोल जखम केली होती. बाजूला जुने व्रणही होते.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"काय आहे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या बाजूला दुखतच नव्हतं.

तो बाहेर गेला आणि दवाखान्यातून हत्यारांची पेटी घेऊन आला. शाडूच्या पिंपांच्या मध्ये, बायकोचा कामाचा दिवा आईच्या तोंडावर वळवून त्यानं दाढेची धार घासून काढली. हात अगदी स्थिर होता. मध्येच तो सवयीनं म्हणाला, "दुखलं तर डावा हात वर करा," आणि स्वतःच गप्प झाला. सासूबाईंचा उजवा गाल हलायला लागला. तोंड उघडं असल्यानं त्यांना नीट हसता येईना. मग तोही हसला, हसता हसता त्याला रडू फुटलं आणि त्यानं ते कोपरानं पुसलं, कारण हातात हत्यार होतं.

त्यानंतर तो रोज जखमेला औषध लावायला डाव्या बाजूनं बसू लागला. मातीच्या चेहऱ्याबद्दल त्यानं पुन्हा काही म्हटलं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

समितीला नमुना बदलल्याचं कळवलं तेव्हा तिथे खळबळ उडाली. आर्किटेक्ट, अध्यक्ष आणि संग्रहालयाच्या बाई असे तिघं पाहायला आले. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, उन्हाकडे पाठ करून. पाहुण्यांना ती घरातली कुणी म्हातारी वाटली. त्यांनी ओझरता नमस्कार केला आणि ते मूर्तीकडे वळले.

"हे आजारी माणसाचं तोंड आहे," अध्यक्ष म्हणाले. "आधीचं काय वाईट होतं? कवटी म्हटलं की कसं, लगेच समजतं."

"शोकात असलेल्या माणसाला हे बघवेल का?" आर्किटेक्ट म्हणाला. "हा गाल, हा ओठ... मला तर बघवत नाही, प्रामाणिकपणे सांगतो."

"प्रामाणिकपणा चांगला," खिडकीतून जड आवाज आला. "बसा ना. उभे का? खिडकी बंद व्हायला अजून वेळ आहे."

तिघं वळले. सासूबाईंनी खुर्ची उजेडात वळवून घेतली. अर्ध्या ओठावर गडद लाल लिपस्टिक होती. आर्किटेक्टनं एकदा त्यांच्याकडे, एकदा मूर्तीकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. अध्यक्ष खोकले.

संग्रहालयाच्या बाई मात्र स्टूल ओढून सासूबाईंच्या जवळ बसल्या. "तुम्ही आमची देवी पाहिली आहे का?" त्यांनी विचारलं.

"फोटोत. तिला पाण्यात किती दिवस ठेवलं होतंत?"

"शेकडो वर्षं."

"मला एकच झालं," सासूबाई म्हणाल्या. "तरी बघा."

लाजेखातर कुणी मान तुकवली असं मात्र झालं नाही. निघताना फाटकाशी तिघांची बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तोडगा निघाला. मूर्ती होईल, पण दालनाच्या मधोमध नव्हे, बाजूच्या भिंतीशी, जिथे सगळ्यांना बघावीच लागणार नाही. मधोमध मोठी कुंडी ठेवतील. सुनेला वाईट वाटलं. सासूबाईंना नाही वाटलं. "बाजूलाच बरी," त्या म्हणाल्या. "मधोमध बसलं की लोक चौकशीला येतात."

साचे निघाले. ओतारी ते घेऊन गेला, त्याच्या भट्टीत मूर्ती ब्राँझमध्ये ओतली जायची होती. उजवा हात उघडा आणि डावा मुठीत, मूळच्या देवीसारखाच. मूठ तर समोर तयारच होती.

मूर्ती ओतून परत यायच्या आतच सासूबाई गेल्या. सकाळची वेळ होती. शुश्रूषेची बाई चहा करायला गेली आणि परत आली तेव्हा श्वास थांबला होता. तिनं हाक मारली. सून कार्यशाळेतून धावत आली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं आणि काहीच अस्ताव्यस्त नव्हतं.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजू आता सारख्या झाल्या होत्या. तिनं ते पाहिलं. माप घ्यायची डोळ्यांना लागलेली सवय, तिला इलाज नव्हता. मग नेहमीसारखी मूठ उघडून पुसावी म्हणून तिनं चादर बाजूला केली. मूठ उघडी होती. वर्षभर रोज जोर लावून सोडवलेली बोटं आपणहून सैल पडली होती, थोडी वाकलेली, आत काही नसलेली. तिनं तरी ओला रुमाल आणला आणि तळवा पुसला. बोटं मिटली नाहीत. तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली आणि नवऱ्याला फोन लावायला तिला जरा वेळ लागला.

भेटायला येणारे "सुटल्या बिचाऱ्या" म्हणत. त्यातले काही तिच्याकडे बघून "तूही सुटलीस" हे मनात म्हणत, ते तिला ऐकू येई. चुकीचं काहीच नव्हतं. तिला झोप लागत होती, कंबर दुखायची थांबली होती, सकाळचा पूर्ण वेळ तिचा होता. आणि त्याच सकाळी नेहमीच्या वेळेला ती कोमट पाण्याचं भांडं भरून खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. नवऱ्याला 'सुटली' हा शब्द सहन होत नव्हता. एका दूरच्या काकांना तो म्हणाला, "तिला कुणी बांधलं नव्हतं, काका." काका बिचारे ओशाळले.

निरोपगृह नुकतंच सुरू झालं होतं. सासूबाईंना तिथे नेलं त्या दिवशी त्या मोठ्या दालनात हे दोघंही वाट पाहत बसले होते. बाजूच्या भिंतीशी रिकामा चौथरा होता. नवरा थकून त्याच्यावरच टेकला. तिथला कर्मचारी नम्रपणे म्हणाला, "साहेब, इथे बसू नका. इथे देवी बसणार आहे."

"माहीत आहे," नवरा म्हणाला आणि उठला नाही. कर्मचाऱ्यानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो दुसरीकडे निघून गेला.

मूर्ती ओतून आली तेव्हा सून ओताऱ्याकडे गेली. काम चोख झालं होतं. तिनं सगळीकडून हात फिरवला आणि म्हणाली, "डावा हात मनगटापासून कापा. मी दुसरा करून देते."

"मूठ चांगली आली आहे, बाई," ओतारी कळवळून म्हणाला. "एक भोक नाही, एक तडा नाही."

"मूठ चांगलीच आहे. हात बदललाय."

तिनं नवा हात कुणाला समोर बसवून केला नाही. बोटं किती वाकलेली, अंगठा कुठे पडलेला, ते तिच्या हातांना ठाऊक होतं. मुठीतून सुटलेला हात, देण्यासाठी नाही आणि मागण्यासाठीही नाही. उजवा हात मात्र तिनं होता तसा ठेवला, समोर केलेला, कुणाला तरी बोलावणारा. मनगटाशी जोड बारकाईनं पाहिला तर अजूनही दिसतो. समितीला तिनं या वेळी कळवलं नाही आणि समितीच्याही ते लक्षात आलं नाही. फक्त संग्रहालयाच्या बाई मूर्तीच्या अनावरणाला हातापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मूठ आहे."

"होती," शिल्पकार म्हणाली. "आधी."



काही महिन्यांनी तिला निरोपगृहातून फोन आला. व्यवस्थापक अडचणीत होता. "मॅडम, लोक देवीच्या हातात वस्तू ठेवतात. त्या डाव्या हातात. गाडीच्या चाव्या, रुमाल, पाण्याच्या बाटल्या. काल कुणीतरी अर्धं सफरचंद ठेवलं. 'हात लावू नये' अशी पाटी लावू का?"

ती पाहायला गेली. दालनात दोन कुटुंबं होती, एक पुढच्या बाकांवर, एक मागे. कुंडीतलं झाड सुकलं होतं. तिची देवी बाजूच्या भिंतीशी उभी होती. तिथे रांगबिंग काही नव्हती. काही जण तिच्याकडे पाहत होते, काही मोबाइलमध्ये पाहत होते. डाव्या हातात कुणाच्या तरी घराच्या चाव्या होत्या.

"पाटी नको," ती म्हणाली. "ठेवू दे."

"पण मॅडम, झिजेल."

"झिजू दे. जिला पाहून ही केली, ती देवी अर्धी झिजलेलीच आहे."

व्यवस्थापकाला हे फारसं पटलं नाही, पण त्यानं मान डोलावली. तेवढ्यात पुढच्या बाकांवरून एका माणसाला आत बोलावलं. साठीचा असावा, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात लावलेला. तो उठला, डोळे पुसायला चष्मा काढला, कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि देवीच्या हातात ठेवून तो आत गेला.

पुष्कळ वेळानं तो बाहेर आला, आपल्या माणसांच्या गराड्यात, आणि तसाच दरवाज्याकडे चालू लागला. पायरीशी त्याचा तोल जरा गेला, तेव्हा कुणीतरी त्याला धरलं. चष्मा देवीच्या हातातच राहिला होता. शिल्पकारानं तो उचलला, पदराच्या टोकानं काचा पुसल्या आणि "अहो, ऐका!" म्हणत ती त्या माणसामागे भराभर चालत बाहेर उन्हात गेली.